हौदात पाणी कोणी सोडलं? ‘आधी आपला जीव’ या फॉरवर्डला उत्तर

यात्रेत चेंगराचेंगरी झाली, इमारतीला आग लागली, पूर आला, की दोन दिवसांत एक मजकूर फॅमिली ग्रुपवर हमखास येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, कधी खाली ‘मानसशास्त्र सांगतं’ असं जोडलेलं असतं, गाभा तोच. स्वतःचा जीव वाचवणं ही माणसाची सगळ्यात खोल प्रेरणा आहे. प्रसंग आला की आई पोटच्या लेकराला विसरते, विस्तवावरचा हात आपोआप मागे येतो, विमानातसुद्धा आधी स्वतःला ऑक्सिजनचा मास्क लावायला सांगतात. गर्दी बिथरली की माणसंच माणसांना तुडवतात, रस्त्यात मरून पडलात तरी कोणी थांबत नाही. तेव्हा शहाण्याने आधी आपला जीव सांभाळावा. बाकी सगळं भाषणात ठीक.

हा मजकूर लोकांना का आवडतो ते कळतं. तो पुढे ढकलला की आपण भाबडे नाही, जग कसं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे, असं वाटतं. शिवाय त्यातलं पहिलं वाक्य खरंच आहे. इजा टाळायची धडपड उपजत असते. ती नसती तर हा मजकूर लिहायलाही कोणी उरलं नसतं. पण त्या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाने जी बाकीची आत घुसवली आहेत, ती एकेक करून बघायला हवीत.

‘पाणी नाकाशी आलं की आईसुद्धा पिल्लावर उभी राहते’

म्हणजे अकबर-बिरबलाची गोष्ट. आईच्या मायेपेक्षा मोठं काही नाही, असं बादशहा म्हणतो. बिरबल कोरड्या हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडतो आणि हौद भरायला लावतो. पाणी चढत जातं तशी माकडीण पिल्लाला कडेवर, खांद्यावर, डोक्यावर घेते. नाकातोंडात जायला लागल्यावर त्याला पायाखाली घालून वर उभी राहते. बादशहा गप्प, बिरबल जिंकला.

गोष्ट झकास आहे, पण गोष्टच आहे. खऱ्या माकडांबद्दल जे नोंदलं गेलंय ते दुसऱ्याच बाजूला झुकतं. मेलेलं पिल्लू दिवसचे दिवस छातीशी धरून हिंडणाऱ्या माकडिणी जगभरच्या अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. आपल्याकडे गडांवर आणि देवळांच्या आवारात हे बघितलेली माणसं कमी नसतील. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग तर थेट याच प्रश्नाचा आहे. साखळी ओढली की माकडाला खाणं मिळे. मात्र दोनपैकी एक साखळी ओढली की समोरच्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेक माकडांनी झटक्याची साखळी टाळली. एकाने पाच दिवस आणि दुसऱ्याने बारा दिवस कुठलीच साखळी ओढली नाही, उपाशी राहिली. प्रयोग क्रूरच होता. पण त्याचा निकाल बिरबलाच्या बाजूने लागत नाही.

मला त्या गोष्टीतलं आणखी एक खटकतं. हौदाला बाहेर पडायची वाट नाही आणि पाणी दरबारातून हुकूम सुटल्यामुळे चढतंय. शेवटी गुन्हेगार कोण ठरलं? माकडीण.

‘विस्तवावरचा हात विचार न करता मागे येतो’

येतो. ती हालचाल मज्जारज्जूच्या पातळीवरच घडते, मेंदूला चटका कळायच्या आत. पण त्या हालचालीत स्वार्थ नाही, निवडही नाही. ठसका लागण्यात जेवढा स्वार्थ असतो तेवढाच. आणि ती अटळही नाही. हातात उकळत्या आमटीचं पातेलं असेल आणि खाली मूल रांगत असेल, तर बोटं भाजत असतानाही माणूस ते ओट्यापर्यंत नेतो, कारण मेंदू वरून ती प्रतिक्रिया दाबून धरू शकतो. पुढे जाऊ.

‘विमानातही आधी स्वतःचा मास्क’

हा मुद्दा लोकांना बिनतोड वाटतो, आणि तोच मजकुराच्या विरोधात जातो. ती सूचना प्रत्येक उड्डाणाआधी पुन्हापुन्हा का द्यावी लागते? कारण शेजारी मूल असलं की आईबापांचे हात आधी मुलाच्या तोंडाकडे जातात. माणूस मुळातच ‘आधी मी’ असता तर हवाई सुंदरीला ती वाक्यं बोलायची गरजच पडली नसती. सूचनेचं कारणही साधं आहे: ३५ हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर भान टिकतं साधारण अर्धा ते एक मिनिट. त्या वेळात मुलाच्या मास्कशी झटापट करताना मोठा माणूस बेशुद्ध पडला तर दोघंही जातात. उपजत ओढ मुलाकडे असते, म्हणून नियम उलटा शिकवावा लागतो.

‘गर्दी बिथरली की माणसं माणसांना तुडवतात’

इथे जरा थांबू, कारण या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय.

मजकुरात एल्फिन्स्टन रोड स्थानक असतंच. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, कामावर जायची वेळ आणि धो धो पाऊस. पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. त्यानंतर एक कथा सगळीकडे फिरली: कोणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं, लोकांना ‘पूल गिर गया’ ऐकू आलं आणि सगळे जीव घेऊन धावले. कथा चटकदार असल्यामुळे टिकली. पण ती शंभर टक्के खरी मानली तरी तिच्यातून काय निघतं? जिन्यावरच्या माणसाला पाऊल टाकायला जागा नव्हती. तो धावणार कुठून? पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणारा तो पूल गिरणगावाच्या काळातला. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, हजारो नोकरदार रोज तिथे उतरू लागले, पूल मात्र तेवढाच राहिला. त्या सकाळी पावसामुळे लोक बाहेर न पडता जिन्याच्या तोंडाशी थबकले आणि मागून एकामागून एक लोकल माणसं ओतत राहिल्या. प्रवासी नवा पूल मागत होतेच. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, नवा पूल लोकांसाठी खुला झाला. पूल बांधता येत होता तर!

गर्दीत माणसं मरतात कशी, हे एकदा समजून घेतलं की ‘तुडवणं’ हे चित्रच डळमळतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तर दाटी होते, पण चालता येतं. सहा-सातांच्या पुढे गेलं की कोणाच्याच पायात स्वतःची चाल उरत नाही. गर्दी द्रवासारखी हलते, एका टोकाचा रेटा लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो. छाती फुगायला जागा उरत नाही. बरेच जण उभ्या उभ्याच गुदमरतात. आणि मागच्याला पुढचं काही दिसत नसतं. तो ढकलतोय ते पुढे जागा आहे अशा समजुतीने, दुसऱ्याच्या छातीवर पाय देऊन स्वतः वाचावं म्हणून नव्हे. जिला आपण बिथरणं म्हणतो ती आरडाओरड बहुधा श्वास कोंडल्यावर सुरू होते. आपण मात्र परिणामालाच कारण ठरवून मोकळे होतो.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला हेच झालं. बाहेरची गर्दी हलकी करायला पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं, पण कठड्यांनी बंदिस्त केलेल्या, आधीच भरलेल्या भागांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. ९७ माणसं गेली. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी लगेच सांगून टाकलं की दारू प्यायलेल्या, हुल्लडबाज प्रेक्षकांचा दोष आहे. त्याच प्रेक्षकांनी जाहिरातींचे फलक उपटून त्यांचे स्ट्रेचर केले होते आणि जखमींना मैदानभर वाहून नेलं होतं. घरच्यांनी २७ वर्षं झगडा दिला. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा हत्या होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. सत्तावीस वर्षं! ‘गर्दी जनावरासारखी वागते’ हे वाक्य एवढा काळ ढाल म्हणून पुरलं.

सोलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला १५९ जण गेले ते जेमतेम तीन मीटर रुंदीच्या उताराच्या गल्लीत. इथे चेंगरून मरू, असं सांगणारा पहिला फोन पोलिसांना साडेतीन तासांहूनही आधी गेला होता. म्हणजे गर्दीतल्या माणसाची धोका ओळखायची उपजत बुद्धी चोख काम करत होती. फोनच्या दुसऱ्या टोकाला काही हललं नाही. आणि आपलं मांढरदेव? २५ जानेवारी २००५, काळूबाईची शाकंभरी पौर्णिमेची यात्रा. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांचं पाणी आणि तेल यांनी निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि अडीचशेहून अधिक बळी. ‘लोकांनी घाई केली’ हे वाक्य तेव्हाही ऐकलं होतं. पायऱ्या कोणी धुवायच्या होत्या, वाट कोणी मोकळी ठेवायची होती, एका वेळी किती जणांना वर सोडायचं हे कोणी मोजायचं होतं, हे प्रश्न त्या वाक्यापुढे टिकत नाहीत. हौदात पाणी सोडणारे असे सुटतात.

‘धोका दिसला की माणूस पळत सुटतो’

सुटायला हवा, पण सुटत नाही. संकटात माणसं घाईने मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा उशिराने मरतात. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. फॉर्म भरत बसलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीत भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोन जण, प्रयोगात सामील असलेले, काही घडलंच नाही असा चेहरा करून बसले होते तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. ‘सगळे बसलेत म्हणजे काही नसेल’ हा धागा जिवाच्या भीतीपेक्षा चिवट निघाला.

दक्षिण कोरियाच्या सेवॉल या जहाजात, १६ एप्रिल २०१४ ला, ४७६ जण होते. जहाज कलत असताना ध्वनिक्षेपकावरून पुन्हापुन्हा सांगितलं गेलं: जागेवरून हलू नका. मुलं हलली नाहीत. ३०४ जण बुडाले, त्यांतले सुमारे अडीचशे एकाच शाळेचे विद्यार्थी. मजकूर लिहिणारा म्हणेल, पण कप्तान तर आधी पळाला! पळाला, खरं आहे. पण एका कप्तानावरून माणूसजातीचा स्वभाव ठरवायचा आणि त्या अडीचशे मुलांवरून काहीच नाही, हा कुठला हिशेब?

‘माणसं सैरभैर होतात’ या समजुतीचा एक घातक धाकटा भाऊ आहे: लोकांना सांगू नका, गोंधळ होईल. अमेरिकेत केंटकीतल्या एका मोठ्या क्लबला २८ मे १९७७ ला आग लागली तेव्हा नाचगाण्याच्या दालनात शेकडो लोक होते. व्यवस्थापनाकडून वेळेवर इशारा आलाच नाही. शेवटी टेबलं आवरणारा अठरा वर्षांचा पोरगा मंचावर चढला, माईक घेतला आणि दारं कुठे आहेत ते दाखवून लोकांना निघायला सांगितलं. काहींना तो विनोदी कार्यक्रमाचाच भाग वाटला. १६५ जण गेले. जे वाचले त्यांतले कित्येक त्या पोराच्या माईकमुळे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी तेच केलं. गोळीबार दिसत असताना ते केबिनमधून सांगत राहिले की मुख्य बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. लोकांनी ऐकलं आणि त्या वाटेने गेले. नेमकी माहिती मिळाली की माणूस बहुधा तिच्याप्रमाणे वागतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत विमानं धडकलेल्या मजल्यांच्या खाली जे होते, त्यांतले जवळजवळ सगळे जिन्यांनी उतरून वाचले. जखमींना वाट देत, वर चढणाऱ्या अग्निशामकांसाठी एका कडेला सरकत.

‘मरून पडलात तरी कोणी थांबत नाही’

या मुद्द्यासोबत किटी जेनोव्हीज हे नाव येतं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचा खून झाला, ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं, कोणीही हललं नाही, असं सांगतात. ही बातमी जगभर नेणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये लिहिलं की ती सदोष होती: साक्षीदारांची संख्या आणि त्यांना काय दिसलं-कळलं हे फुगवलेलं होतं. एक शेजारीण तर धावत खाली आली होती आणि मदत येईपर्यंत तिने किटीला कुशीत धरून ठेवलं होतं. अभ्यासक्रमात मात्र अजून ते ३८ जण खिडकीतच उभे आहेत.

खरोखरचं चित्रण काय सांगतं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडचं लँकेस्टर, नेदरलँड्सचं अ‍ॅमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेचं केपटाऊन इथल्या सीसीटीव्हीत टिपलेली रस्त्यावरची २१९ भांडणं तपासली. दहापैकी नऊ वेळा बघ्यांतलं कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. बघे जास्त, तशी कोणीतरी पडायची शक्यताही जास्त. मुंबईकराला यासाठी अभ्यास कशाला हवा म्हणा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले. पहिल्यांदा पोचली ती रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं, घरातल्या चादरी घेऊन. जखमी त्या चादरींच्या झोळीतून नेले गेले. आणखी स्फोट होणार नाहीत याची खात्री तेव्हा कोणालाच नव्हती.

रस्त्यावरच्या अपघातात लोक कचरतात, हे मात्र खरं. पण ते जिवाच्या भीतीने कमी आणि पोलीस ठाण्याच्या, कोर्टाच्या चकरांच्या भीतीने जास्त. ती भीती व्यवस्थेने तयार केलेली होती, म्हणून कायद्याने कमी करता आली: ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या नियमांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे कलम फॉरवर्ड झालेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

मजकुरात खरं किती?

थोडं आहे, आणि ते झाकून ठेवायचं कारण नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाचल्या, पुरुषांपैकी जेमतेम एक पंचमांश. १९१५ मध्ये लुसिटानिया अठरा मिनिटांत बुडालं आणि तिथे तरण्याताठ्यांचा टक्का वर गेला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी १८ बुडीत जहाजांच्या याद्या तपासून २०१२ मध्ये दाखवलं की टायटॅनिक अपवाद होता. बहुतेक ठिकाणी बायकामुलं मागे राहिली आणि खलाशी जास्त वाचले. म्हणजे वेळ नसला, हुकूम देणारं कोणी नसलं, तर ज्याच्या अंगात जोर त्याचं फावतं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की कप्तानाने ‘आधी बायका-मुलं’ असा हुकूम दिला तिथे ही तफावत कमी झाली. आणि लुसिटानियाच्या ४८ होड्यांपैकी फक्त सहाच धडपणे पाण्यात उतरवता आल्या. जहाज एका अंगावर कललं आणि दुसऱ्या बाजूच्या होड्या निकामी ठरल्या. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, हेही खरं आहे. ती मिठी उपजतच असते.

‘म्हणून शहाण्याने आधी आपला जीव सांभाळावा’

मजकुराचा हा शेवट वाचून वाटतं, लिहिणाऱ्याने आपल्या जिल्हा पुरवण्या कधी उघडल्याच नाहीत. धरणावर, नदीवर ‘एकाला वाचवताना दुसराही बुडाला’ ही बातमी दर उन्हाळ्यात असते. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या वाकडी गावात, नेवासा तालुक्यात, बायोगॅसच्या शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला आणि आतच कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढलं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांत ६० टक्क्यांहून अधिक वाचवायला उतरलेले असतात. आपल्याकडे गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांच्या मृत्यूंतही हाच क्रम दिसतो: आधी एक, मग त्याचा जोडीदार, मग त्याचा भाऊ.

या माणसांना ‘आधी आपला जीव’ हे तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. आत आपलं माणूस पडलेलं दिसल्यावर ते कोणाच्या लक्षात राहत नाही. उपयोग आहे तो माहितीचा. विहिरीत, टाकीत, बायोगॅसच्या खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडलं असेल तर काठावरच्यांनी पहिलं काम करायचं ते पुढचा उतरू पाहणाऱ्याला कमरेत धरून ठेवायचं. वास येत नाही म्हणून हवा चांगली, असं समजायचं नाही. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड हा वायू जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं. विहिरीत पेटता कंदील सोडून बघायची जुनी रीत अशा ठिकाणी वापरायची नाही: मिथेन असेल तर भडका उडेल, आणि विषारी वायू कंदील जळत असतानाही माणूस मारू शकतो. लगेच ११२ किंवा १०१ ला फोन करायचा आणि फोनवर ‘विहिरीत पडला’ एवढंच न सांगता ‘आत गॅस आहे, श्वसनयंत्र घेऊन या’ असं सांगायचं. तोवर दोर किंवा गळ टाकून वरूनच ओढता येतं का ते बघायचं, आणि खाली कोणी उतरायचंच नाही.